रिकामे खिळे

बायकांच्या न्हाणीघराच्या खिडकीत आत्या बसायची. साबण, टॉवेल आणि टोमणा, तिन्ही तिथेच मिळायचे. खरं तर तिला एकच सख्खी भाची होती, पण सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. पुरुषांचं न्हाणीघर भिंतीपलीकडे होतं. ते मागच्या साली बंद झालं, बॉयलर उचलून नेला, आणि आता तिथे सरकारी तुटक्या खुर्च्या ठेवतात. त्यामुळे बगलेत फाईल धरून तपासनीस दारात उभा राहिला, तेव्हा आत्याला कळायचं ते कळलं.

"महिन्याला किती बायका येतात?" त्यानं विचारलं.

आत्यानं दारातल्या लोखंडी चक्राकडे बोट केलं. बाई आत शिरली की ते कट्ट करायचं आणि आकडा एकानं पुढे जायचा. "तीन हजारांच्या वर."

"या फेऱ्या झाल्या. मला माणसं हवीत. एकच बाई रोज आली तरी ती एकच."

"रोज येते म्हणून कमी झाली होय ती?"

"नियम वरून आलाय, आत्या. महिन्यात चारशे वेगवेगळ्या बायका दिसल्या पाहिजेत. नाहीतर..." त्यानं भिंतीपलीकडच्या खुर्च्यांच्या दिशेनं मान हलवली आणि पाय काढता घेतला.

आत्यानं दुसऱ्या दिवशी नावं लिहायला घेतली. दुपारपर्यंत तिच्या तोंडाला फेस आला. आंघोळीला आलेल्या बाईला नाव विचारलं की ती असं बघते, जणू आपण टॉवेल ओढला. बेकरीतली पोरगी पैसे परत मागायला लागली. घरी चांगली मोरी असूनही इथे येणारी एक सून होती. तिनं तर हातच जोडले. "आत्या, सासूला वाटतं मी पिठाच्या गिरणीत असते. तेवढी एकच तासाची सुट्टी आहे मला."

आत्यानं कागद चुलीत... म्हणजे बॉयलरात टाकला.

भाची रविवारी आली. ती एका कंपनीत संगणकावर काम करायची. काय काम, ते आत्यानं पूर्वी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा डुलकी काढली होती. यावेळी ती जागी राहिली.

"आमच्याकडे दिवसाला कोट्यवधी लोक येतात," भाची म्हणाली. "किती वेगवेगळे आले ते सांगावं लागतं, पण यादी ठेवायला जागा नसते. मग आम्ही नावं ठेवतच नाही."

"मग काय ठेवता?"

"खुणा. तळघरात तो किल्ल्यांचा फळा आहे ना अजून?"

होता. पूर्वी आत कपाटं होती तेव्हाचा, खिळेच खिळे असलेला भलामोठा फळा. पितळी बिल्लेही पोतंभर पडले होते. भाचीनं फळा खिडकीमागे टांगला, त्यावर खडूनं बारा महिने आखले, कमी पडले तिथे खिळे ठोकले. वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक, असे तीनशे सहासष्ट.

"बाई आली की फक्त वाढदिवस विचार. साल नको, नाव नको. त्या तारखेचा खिळा रिकामा असला तर बिल्ला लाव. भरलेला असला तर काही करू नको. तीच बाई पुन्हा आली तर त्याच खिळ्यावर येणार, म्हणजे दोनदा मोजली जाणार नाही."

"आणि एकाच तारखेच्या दोघी आल्या तर?"

"येणारच. म्हणून शेवटी आपण रिकामे खिळे मोजायचे. हे बघ, फरशीवर पाण्याचे शिंतोडे उडाले. एका फरशीवर एक थेंब पडला काय नि चार पडले काय, ती ओलीच. पण कोरड्या किती राहिल्या ते बघितलं, की एकूण किती थेंब उडाले याचा अंदाज येतो."

"फरशी कोरडी राहिली, तर बाईनं आंघोळ नीट केली नाही."

"आत्या."

"बरं, बरं. किती कोरड्या चालतील?"

भाचीनं गणकयंत्रावर बोटं फिरवली. "तिसरा हिस्सा. एकशे बावीस रिकामे राहिले तर चारशेच्या जरा वर बायका. त्याहून जास्त रिकामे राहिले, तर खुर्च्या."

तपासनिसाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अंदाज चालेल. वर सगळं अंदाजावरच चालतं."

महिना सुरू झाला. वाढदिवस सांगायला कुणाची ना नव्हती, उलट बायका खूश झाल्या. फळा भराभर भरू लागला. मग बायका मान उंचावून आपापला खिळा शोधायला लागल्या, आणि आत्याची छाती अभिमानानं फुगली. महिना सरला त्या संध्याकाळी भाची आणि तपासनीस दोघंही आले. फळा काठोकाठ भरलेला होता. एक खिळा रिकामा नव्हता.

भाचीनं आकडे टाकले. गणकयंत्रानं उत्तर द्यायला नकार दिला.

"एकही रिकामा नसेल, तर उत्तर अनंत येतं," ती हळूच म्हणाली.

तपासनिसानं पेन उघडं ठेवून विचारलं, "अनंत बायका?"

"हिशेबानं, हो."

"त्यांना गरम पाणी पुरलं?"

"शेवटी शेवटी जरा कोमट झालं," आत्या म्हणाली.

कुठेतरी पाणी मुरतंय हे भाचीच्या ध्यानात आलं. "आत्या, खिळा भरलेला असला की तू काय करायचीस?"

"शेजारच्यावर लावायची."

"का?"

"का म्हणजे? बाई समोर उभी. तिला काय सांगू, तुझ्या जागेवर दुसरी बसलीय, तू जा? आजवर या खिडकीतून मी कुणाला रिकाम्या हातानं पाठवलेलं नाही."

"अगं, ती दुसरी म्हणजे बहुतेक वेळा तीच होती! कालची!"

आत्यानं फळ्याकडे बघितलं. मग कपाळावर हात मारला.

तपासनीस मनानं वाईट नव्हता. शिवाय फाईलमधल्या चौकटीत अनंत मावत नव्हतं. त्यानं आणखी एक महिना दिला.

या वेळी फळा रिकामा केल्यावर भाची दिवसभर खिडकीपाशी बसून राहिली, आणि तिला दुसरंच एक दिसलं. म्हाताऱ्या बायका आल्या की सगळ्या एकच तारीख सांगत होत्या: पहिल्या महिन्याची पहिली.

"सगळ्यांचा एकाच दिवशी जन्म कसा झाला?"

"जन्म कधी झाला कुणाला ठाऊक!" जाडी आजी म्हणाली. ती सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक, आणि बाकावर दोघींची जागा तिची. "कार्ड काढायला गेलो, तिथल्या बाबानं सगळ्यांना हीच तारीख टाकून दिली. त्याला जेवायला जायचं होतं."

"तुम्ही सगळ्या एकाच खिळ्यावर लटकलात, तर हिशेबात एकीसारख्याच दिसाल," भाची म्हणाली. तिनं वर्षातल्या सगळ्या तारखांच्या चिठ्ठ्या करून बादलीत टाकल्या. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नाही त्यांनी एक उचलायची, आणि पुढे कायम तीच सांगायची.

त्या सकाळी न्हाणीघरात कुणी आंघोळच करेना. सत्तरीच्या बायका ओल्या केसांनी एकमेकींना आपापला वाढदिवस दाखवत होत्या. जाड्या आजीनं चिठ्ठी वाचून घेतली आणि तिचा चेहरा उतरला. एकोणतीस फेब्रुवारी.

"चार वर्षांतून एकदा? मी काय तोवर थांबणार आहे? दुसरी दे."

"आजी, तुमच्या हातानं आलीय ती."

"माझ्या हातानं पुष्कळ काय काय आलं, सगळं ठेवलं नाही मी."

"दे गं तिला दुसरी," आत्या म्हणाली. "ही मी घेते. माझीही खरी तारीख कुणाला ठाऊक आहे! मला कोण विचारतंय वाढदिवस." तिनं चिठ्ठी कमरेच्या पिशवीत कोंबली आणि टॉवेल मोजायला गेली.

महिनाभर आत्यानं जीव मुठीत धरून नियम पाळला. खिळा भरलेला दिसला की तिचा हात आपोआप शेजारी वळायचा आणि ती तो दुसऱ्या हातानं धरून खाली घ्यायची. बायकांना वाटलं, आत्याचा खांदा धरलाय. एकीनं मालिशचं तेल आणून दिलं.

शेवटच्या संध्याकाळी तपासनिसानं रिकामे खिळे स्वतः मोजले. मग पुन्हा मोजले. एकशे तेवीस.

भाचीनं आकडे टाकले. "तीनशे नव्व्याण्णव."

तपासनिसानं चौकटीवर पेन टेकवलं.

"हा अंदाज आहे," भाची म्हणाली. "शंभरात पाचाचा फरक पडतो. चारशे वीससुद्धा असतील."

"तीनशे ऐंशीसुद्धा असतील," तपासनीस म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते आवडलं नाही. "आत्या, तुम्हाला दुसरीकडे काम देतील. मी बोलतो."

"काम देतील हो. पण आंघोळ कुठे करू?"

भाचीनं मान वर केली. "तू इथे आंघोळ करतेस?"

"मग काय हवेत करते? रोज, दार लावल्यावर. घरच्या नळाला कधी धार बघितलीस?"

"मग तुझा बिल्ला कुठाय?"

"माझा कशाला? मी काय गिऱ्हाईक आहे?"

दोघींनी तपासनिसाकडे बघितलं. त्यानं फाईल उघडली, नियम ओठ हलवत वाचला, आणि पुन्हा वाचला. "इथे 'बायका' असं लिहिलंय," तो म्हणाला. "गिऱ्हाईक असं नाही."

आत्यानं कमरेची पिशवी उलटी केली. सुपारी, दोन बटणं, आणि घडी पडलेली चिठ्ठी. एकोणतीस फेब्रुवारीचा खिळा रिकामा होता. त्या तारखेला जन्मणारे मुळात थोडे. आत्यानं त्यावर बिल्ला लावला, आणि सवयीनं शेजारच्या खिळ्याकडे गेलेला हात मागे घेतला.

"चारशे दोन," भाची म्हणाली.

तपासनिसाचं पेन थांबलं. "आत्ता तीनशे नव्व्याण्णव होत्या. एक बाई वाढली, तर तीन कशा वाढल्या?"

"फळा भरत आला, की रिकामा खिळा मिळणं अवघड होतं. तिथवर पोचणारा एकेक बिल्ला तिघींचा धरावा लागतो."

तपासनिसानं आत्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. "पटतं," तो म्हणाला, आणि चौकटीत चारशे दोन लिहून चक्राशेजारून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आतच गल्लीत बातमी फुटली होती. खिडकीपाशी पहिली जाडी आजी उभी.

"न्हाणीघर वाचवणारा तो खिळा माझा होता," ती म्हणाली. "परत दे."

आत्यानं तिच्या हातावर साबण ठेवला. "चार वर्षांनी बघू."