ठळक टाइपाचा रुबाब

मी ठळक टाइप बोलतोय. हळू बोलायला मला कुणी शिकवलंच नाही, तेव्हा सांभाळून घ्या. जुन्या घडणीचा आहे मी. जाड रेघ चांगली भरदार, बारीक रेघ नाजूक, आणि उभ्या रेघेच्या तळाशी छोटासा पाय. त्या पायांवर मी असा ठाम उभा राहतो की पानावरच्या बाकीच्या अक्षरांनी अंग चोरून बसावं.

माझा जन्म तापलेल्या शिशातून झाला. साच्यात ओतलं, थंड केलं, कडा घासल्या, की एकेका अक्षराचा खिळा तयार. या छापखान्यात आलो तेव्हा मालकांनी मला खिडकीजवळचा खण दिला. लांबलचक मजकूर ओढायचं काम बारीक टाइपाचं. मला बोलावणं यायचं ते तसंच महत्त्वाचं काही असेल तर. दुकानाचं नाव, 'रस्ता बंद', 'विजेचा धोका'. माझ्या एका ओळीपुढे भरधाव सायकली थांबल्या आहेत. बढाई वाटत असेल तर वाटू दे, खरं आहे ते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. "सगळंच ठळक करा," म्हणायची. मालक हसून म्हणायचे, "अहो, सगळेच ओरडायला लागले तर ऐकायचं कुणाचं?" माझा मान त्या माणसाने राखला.

मालक गेले. मालकीणबाई दुखरे गुडघे सांभाळत छापखाना चालवू लागल्या आणि त्यांची सून कॉम्प्युटर घेऊन मदतीला आली. मुलगी हुशार, कामाला वाघ. फक्त मी तिच्या डोळ्यांत खुपायचो.

"आई, हा टाइप अंगावर येतो हो. आता कोण वापरतं? उद्या भंगारवाला येतोय, देऊन टाकूया. जागा तरी होईल."

मालकीणबाईंनी नुसती मान हलवली. घरात शांतता हवी असली की त्या अशीच मान हलवायच्या. वितळून पुन्हा शिशाचा नुसता गोळा व्हायचं, या विचारानेच माझा जीव अर्धा झाला.

त्याच आठवड्यात सुनेने कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची लेबलं केली होती. एक खोकल्याच्या औषधाचं, एक सांधेदुखीच्या तेलाचं. बाटल्या अगदी सारख्या. मालकांच्या वेळी छापलेला पहिला कागद समोरच्या भिंतीला लावून दारातून वाचायची रीत होती. सुनेने मजकूर कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौपट मोठा करून तपासला. तिथे सगळं स्वच्छ दिसत होतं. बाटलीवर मात्र 'पोटात घेऊ नये' ही ओळ मुंगीएवढी उतरली.

विक्रीला काढण्याआधी औषधवाल्याने दोन्ही बाटल्या नमुना म्हणून पाठवल्या. त्याच दिवशी दुपारी मालकीणबाईंना खोकल्याची उबळ आली. चष्मा सापडेना. हाताला लागली ती बाटली उघडून त्यांनी चमचा भरला आणि तोंडाशी नेला.

"आई, थांबा." सुनेने धावत येऊन त्यांचा हात धरला. चमचा सांडला.

"अगं, खोकल्याचंच ना ते? नाक चोंदलंय माझं, वाससुद्धा कळत नाही."

"तेल आहे. लिहिलंय त्यावर, मीच लिहिलंय." बाटलीवरच्या त्या बारीक ओळीवर बोट ठेवून ती रडू लागली. "तुम्हाला दिसणारच नाही असं लिहिलंय."

मालकीणबाईंनी तिला शेजारी बसवलं. "घेतलं नाही ना मी? मग रडतेस कशाला?"

डोळे पुसून ती सरळ माझ्या खणाशी आली. "आई, हे जुळवतात कसं?"

"उलटं. आरशात दिसतं तसं."

पहिल्यांदा तिचं चुकलं. दुसऱ्यांदा जमलं. काळ्याकुट्ट शाईत मी कागदावर उतरलो: पोटात घेऊ नये. संध्याकाळपर्यंत सासू-सुनांनी औषधवाल्याच्या दुकानात बसून तेलाच्या प्रत्येक बाटलीवर मला चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला तेव्हा त्याला गंजलेलं कपाट मिळालं. मी खणातच राहिलो, आणि दाराशी उभ्या सुनेकडे बघून मला तिचा फार अभिमान वाटला.

आता माझे काही पाय झिजलेत, दोन-चार अक्षरांचे टवके उडालेत. नाजूक मजकूर कॉम्प्युटर करतो, सावध करायचं असेल तिथे सून मला उचलते. वाचकहो, मला सुंदर म्हणू नका, चालेल. आमंत्रणावर, कौतुकावर मला उगाच मिरवूही नका. पण कधी मी समोर दिसलो, तर हातातला चमचा क्षणभर खाली ठेवा आणि मला वाचा. एवढ्यासाठीच मला इतकं जाड घडवलंय.