काका, विन्स करा

गुणाजी तावड्यांचा उजवा खांदा चार महिने वर जात नव्हता. तो खरंच दुखतो, हे आता एका मशीनला पटवायचं होतं. पटलं तर ट्रस्टच्या क्लिनिकमध्ये वीस दिवस व्यायाम फुकट. नाही तर घरी जाऊन बाम.

डॉक्टर गंधालीने चेहरा वाचणाऱ्या मशीनचा कॅमेरा लावला. "काका, मी हात उचलणार. दुखलं की विन्स करायचं."

"म्हंजे?"

"डोळे बारीक होतात, ओठ आवळतात, मान जरा मागे जाते. इंग्लिशमध्ये त्याला विन्स म्हणतात. ओरडलात तर तो स्क्रीम. स्क्रीम योजनेत बसत नाही."

तिने हात उचलला. खांद्यात कोणीतरी पाना फिरवला. गुणाजींच्या मिशीचा केससुद्धा हलला नाही.

"दुखलं?"

"खूप."

"मग विन्स करा ना. तोंडी सांगितलेलं मशीन घेत नाही."

पण गुणाजींनी पवईच्या एका सोसायटीच्या गेटवर तीस वर्षं वॉचमनकी केली होती. मेंबर लोक गाडीची काच खाली करून काय काय बोलायचे. चेहरा हलला नाही म्हणून तर नोकरी टिकली. आता तो हलवायचा कुठून, हेच त्यांना आठवेना.

शेजारच्या स्टुलावर बायको, प्रेमा, बसली होती. नवऱ्याचा हात उचलला की तिचं तोंड पिळलेल्या फडक्यासारखं व्हायचं. तिसऱ्या वेळी मशीन वाजलं.

"दुखणं दहापैकी आठ," गंधाली म्हणाली. "पण सिस्टीमने काकूंना घेतलंय. आता पेशंट बदलता येत नाही."

"खांदो माझो हा," गुणाजी म्हणाले.

"हो, पण विन्स त्यांचा आहे."

दुसऱ्या दिवशी प्रेमाच्या धडधाकट हाताला व्यायाम दिला. तिने विन्स केलं नाही. मशीनने तिला एका दिवसात बरी ठरवून केस बंद केली, आणि रिसेप्शनवर बरी झालेली पेशंट म्हणून तिचा फोटो लागला. गंधालीलाच वाईट वाटलं. "काका घरी विन्स करतील तेव्हा व्हिडिओ काढा," ती म्हणाली. "अपिलात घेतात."

संध्याकाळी दिंडोशीच्या खोलीत प्रेमाने शिकलेला तो एकच व्यायाम नवऱ्यावर केला. गुणाजींचे डोळे बारीक झाले, ओठ आवळले, मान मागे गेली.

"असेच रवा, हलू नकात," म्हणत तिने घाईघाईने मोबाईल वर धरला.

कॅमेरा समोर येताच गुणाजींची पाठ ताठ झाली. चेहरा कुलूप लावल्यासारखा बंद झाला.

"कोणाकडे जायचंय?" त्यांनी विचारलं.