ढोलकीखालचा आवाज

हेडफोन घ्यायला दोन म्हातारे आणि मी लातूरच्या ट्युशन एरियातल्या अनयच्या दुकानात शिरलो. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला चांगला हेडफोन हवा असतो. मला वाईट हवा होता. चांगला हेडफोन अप्पांच्या कानाला लागता कामा नये, एवढ्या एकाच कामासाठी मी दोन तास बुडवून त्यांच्यासोबत आले होते.

अप्पा म्हणजे माझे सासरे, ईश्वरप्पा. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव गेलं, सासूबाई गेल्या आणि माझी नणंद महादेवी गेली. अप्पा त्या रात्री शेतात राखणीला होते आणि माझा नवरा वीरेश लातूरला कॉलेजात, म्हणून हे दोघं राहिले. सासूबाईंचा लग्नातला एक फोटो त्यांच्या माहेरी सापडला. महादेवीचा एकही नाही. तिची म्हणून अप्पांकडे एकच गोष्ट आहे, एक कॅसेट.

भूकंपाआधीच्या श्रावणात एका सोमवारी गावातल्या महादेवाच्या देवळात भजन झालं, ते कुणीतरी टेप केलं होतं. ती कॅसेट औशाच्या पाहुण्यांनी ऐकायला नेली होती, म्हणून वाचली. भरपूर माणसं, ढोलकी, टाळ, आणि सगळ्यांच्या वर एका पोरीचा बारीक, स्वच्छ आवाज. भजन संपतं, ढोलकीवाला अजून हात थांबवत नाही, तेवढ्यात ती पोरगी विचारते, "अप्पा, झालं का?" आणि टेप बंद.

"ही माझी महादेवी," असं अप्पा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले आहेत. पोरगी "अप्पा" म्हणाली, आणखी काय पाहिजे? वीरेशला विचारलं तर तो म्हणतो, "असेल. मला नीट आठवत नाही." मी कंधारची, आमच्याकडे बापाला बाबा म्हणतात, त्यामुळे मलाही हे पटलं होतं. पण इकडे लिंगायतांच्या घरात बाप म्हणजे अप्पाच. गल्लीत दहा बाप असले तर दहा अप्पा. एवढी साधी गोष्ट, पण दुःखापुढे माणसाचं डोकं चालत नाही, त्याला अप्पा तरी काय करणार.

आमच्या वरच्या मजल्यावर डॉक्टरकीच्या तयारीच्या पोरी राहतात. लातूरमध्ये आता घराघरात अशा पोरी नाहीतर पोरं ठेवलेली असतात. अर्धं शहर ट्युशनवर जगतं आणि मीही, क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवून. दर सोमवारी अप्पांची कॅसेट लागायची आणि एकदा वरची एक पोरगी खाली येऊन म्हणाली, "काकू, आवाज जरा कमी होईल का?" मला वाटलं, आता अप्पा तिला फाडून खाणार. पण अप्पा मला म्हणाले, "पोरींचा अभ्यास मोडायचा न्हाई. मला कानात घालायचं कायतरी आणून दे. चांगलं आण."

म्हणून आदल्या आठवड्यात मी एकटीच कॅसेट घेऊन अनयकडे आले होते. अनय नांदेडचा. पुण्यातली नोकरी सोडून इथे दुकान टाकलंय. हेडफोनवर बोलायला लागला की आवरत नाही. "मॅडम, बजेट नंतर सांगा, आधी काय ऐकणार ते सांगा. डीजे ऐकणाऱ्या पोरांना झाकलेला लागतो, खालचा आवाज दणका देणारा. लेक्चर ऐकायला स्वस्तातला हलका पुरतो, शब्द कळले म्हणजे झालं. आणि माणसाचा गळा ऐकायचा असेल ना, तर मागून जाळीचा, उघडा. आवाज आत कोंडत नाही. महाग असतो, पण त्यात जे भरलंय ते सगळं ऐकू येतं."

त्याने कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली, तो जाळीचा हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि शेवटचा भाग तपासायला लावला. "अप्पा, झालं का?" पोरगी म्हणाली. आणि तिच्या मागोमाग, ढोलकीच्या खाली, इतकी वर्षं कधीच ऐकू न आलेला एक पुरुषी आवाज आला. टेपच्या अगदी जवळून, थोडा खोकून.

"झालं, गंगे."

तो आवाज मी ओळखला. न ओळखायला काय झालं! दर सोमवारी तो आमच्या घरी चहा पितो. मलप्पाकाका. अप्पांचे जुने दोस्त, गावातले शेजारी, आता पुनर्वसनाच्या गावात राहतात आणि दर सोमवारी एसटीने लातूरला येऊन अप्पांबरोबर ती कॅसेट ऐकतात. त्यांची पोरगी गंगम्मा त्याच रात्री गेली.

मी हेडफोन घाईने काढून टेबलावर ठेवला. अनयला वाटलं, किंमत ऐकून.

मी कुणालाच काही बोलले नाही, वीरेशलासुद्धा नाही. ठरवलं एवढंच, की अप्पांना तो दणक्याचा झाकलेला हेडफोन घेऊन द्यायचा. ढोलकी आणखी जाड होईल आणि तो आवाज कायमचा बुडून जाईल. एका म्हाताऱ्याकडून त्याची पोरगी दुसऱ्यांदा काढून घ्यायची, आणि तीही मी? मला ते जमणार नव्हतं. पण अप्पा हट्टाला पेटले, "मी सोता ऐकून घेणार," आणि नेमका सोमवार बघून मलप्पाकाकांनाही सोबत घेतलं.

"अनय, महागातलं काही दाखवू नका," मी दारातूनच सांगितलं.

"का म्हणून?" अप्पा गरजले. "गाव गेल्यावर सारा जल्म धान्याच्या आडतीवर गेला माझा. पोरीचा आवाज ऐकाया मी घासाघीस करू का?"

अनय खूश झाला. मला तो त्या क्षणी अजिबात आवडला नाही.

पहिला आला तो दणक्याचा. अप्पा खुर्चीत ताठ बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. अनयने भजन लावलं. मी कॉम्प्युटरवर पुढे सरकणारी रेघ बघत होते. शेवट आला. अप्पांनी डोळे मिटले, मग उघडले.

"ढोलकी लई मातली यात. पोरगी मागं गेली."

"पण केवढा भरीव आवाज आहे, अप्पा," मी म्हणाले. "हाच बरा."

"तुला काय कळतंय?" ते म्हणाले. मुलांना रसायनं शिकवणाऱ्या बाईला घरात एवढीच किंमत.

दुसरा मधल्या किमतीचा. त्यात पोरीचा आवाज पुढे आला, पण टाळ आणि जुन्या टेपची खरखर कानात घुसायला लागली. अप्पा तोंड वाकडं करून ऐकत होते. शेवट जवळ आला तशी मी रेघ सोडून त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. "अप्पा, झालं का?" हे बाहेर मला ऐकू येत नव्हतं, पण अप्पांचे ओठ हलले, त्यावरून ती जागा आल्याचं कळलं. नंतरच्या दोन क्षणांत त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"मागनं कोण तरी खोकून राहिलंय," ते म्हणाले.

"टेपची खरखर असेल," मी घाईने म्हणाले.

"पयलाच घे, ईश्वरप्पा," बाकावरून मलप्पाकाका म्हणाले. "पयला बरा दिसतोय. डोक्यालाबी हलका हाय."

पहिला हलका नव्हता. तिन्हींत तोच जड होता, आणि काकांनी तो हातातसुद्धा घेतला नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, अनयच्या हातातल्या जाळीच्या हेडफोनकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. स्वच्छ भीती, मला वाटत होती तीच.

मग माझ्या लक्षात आलं. "झालं, गंगे," हे त्यांनी स्वतः म्हटलं होतं. ते कसं विसरतील? त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते दर सोमवारी एसटीने येत होते ते दोस्ताची पोरगी ऐकायला नाही, स्वतःची ऐकायला. आणि अप्पा शेजारी बसून त्यांनाच सांगत होते, "ऐक मलप्पा, माझी महादेवी कशी गातीय." मला त्या दुकानात मोठ्याने रडावंसं वाटलं.

"मॅडमना महाग नकोय," अनय म्हणाला, "पण काका, गळा ऐकायचा तर हा एकदा ऐकाच."

"नको!" मी आणि मलप्पाकाका एकदमच बोललो.

अप्पांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. आडतीवर बसून माणसं ओळखलेला माणूस तो. त्यांनी हात पुढे केला आणि अनयकडून हेडफोन घेऊन स्वतःच डोक्यावर चढवला.

"लाव," ते म्हणाले.

सबंध भजन त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा उजळत गेला, सगळी माणसं त्यांना परत भेटत होती. "हा शरणप्पा... ही केवळाबाई, बघ, बेसूर," असं पुटपुटत त्यांनी गेलेल्यांची ओळख पटवली. हसलेसुद्धा. मला कॉम्प्युटरची तार उपटून टाकावीशी वाटत होती आणि हात उचलवत नव्हता. जाळीतून बारीक आवाज बाहेर झिरपत होता, त्यामुळे ती जागा आली तेव्हा मलाही ऐकू आली. अप्पांचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू उतरलं.

"शेवट परत लाव."

अनयने लावला.

"परत."

तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी हेडफोन काढला आणि मांडीवर धरून बसले. दुकानात दोन पोरं लेक्चरसाठी काहीतरी विचारायला आली होती, ती आमचे चेहरे बघून बाहेरच थांबली.

"गंगम्मा," अप्पा म्हणाले. "तुझी गंगम्मा हाय ही."

"न्हाई रे," मलप्पाकाका म्हणाले. "तुझीच हाय. कान वाजून राहिले तुझे."

"मलप्पा, तुझा आवाज मला कळंना का?"

काका उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"इतकी वर्सं तू माझ्या म्होरं बसून ऐकलंस," अप्पांचा आवाज चढला. "मी माझी माझी करून राहिलो, आन् तू हाव हाव म्हणत राहिलास! एकदा बोलला असतास. कॅसेट तुझ्या घरी धाडली असती मी. मला काय चोर केलंस व्हय?"

"ओरडू नको," काका म्हणाले. "माझ्याकडं गंगीचा साळंतला फोटो हाय. तिची पाटी घावली, एक पैंजण घावलं. तुझ्याकडं काय व्हतं, ईश्वरप्पा? तू पयल्यांदा टेप लावून माझी म्हादेवी म्हणून रडलास, तवा मी काय बोलणार व्हतो?"

अप्पा उठले. मला वाटलं आता ते तडक बाहेर जातील, आणि मी त्यांना धरायला पुढे झाले. पण त्यांनी माझा हात बाजूला केला, काकांजवळ गेले आणि हेडफोन स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर नीट बसवला, दोन्ही कान झाकले का बघितलं. अनयला म्हणाले, "लाव. आन् हाच बांधून दे. ह्याच्या घरी जाईल."

काका ऐकत बसले. टेपवरची ती पोरगी त्यांनी एवढ्या जवळून कधीच ऐकली नव्हती. ते रडले नाहीत, नुसते गुडघ्यावर बोटांनी ताल धरत राहिले, आणि भजन संपलं तरी त्यांनी हेडफोन काढला नाही.

अप्पा बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. मी म्हणाले, "अप्पा, माझी चूक झाली. मी तुम्हाला इथं आणायलाच नको होतं."

त्यांनी मान हलवली. "त्याची त्याला मिळाली, ते ब्येस झालं." मग थोडा वेळ टोपी चाचपत राहिले. "पर मंजुषा, मी इतकी वर्सं हाच आवाज ऐकून राहिलो. आता म्हादेवीचा कसा व्हता, ते मला आठवंना."

मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. एव्हाना काकांनी हेडफोन काढला होता आणि त्यांनी ते ऐकलं होतं.

"घोगरा," ते म्हणाले. "बाप्यावानी. आपुन तिला भजनात मागं बसवायचो, ध्यानात हाय न्हवं? माझ्या दारात यून गंगीला हाक मारली का माझी म्हैस बुजायची."

अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं.

"हाव," ते म्हणाले. "खरंच की रं. बुजायची. आनखी सांग."