बाही दुमडून बसलेले दोन भाऊ

राखाडी लोखंडी पेटी, तिच्या झाकणात काचेची उभी नळी, नळीच्या तळाशी पारा, एक कापडी पट्टा आणि हाताने दाबायचा रबरी फुगा. एवढाच माझा संसार. मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारे एक जुने यंत्र आहे. माझ्या पिढीतली यंत्रे आता फारशी कुठे दिसत नाहीत.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पारा भरणाऱ्या बाईंनी मला पहिल्यांदा स्वतःच्याच दंडाला बांधले. शेजारणीने आकडा बघून भुवया उंचावल्या, तशा त्या म्हणाल्या, "अगं, सासूबाई राहायला येणार म्हटल्यापासून हे असंच आहे माझं." दोघी खूप हसल्या. मला त्यात हसण्यासारखे काय ते कळले नाही. ते कळायला पुढे बरीच वर्षे गेली.

तिथून मी एका दवाखान्यात आले. तिथले डॉक्टर पट्टा बांधता बांधता गप्पा मारत. एखादा माणूस अंग चोरून बसला, की म्हणत, "अहो, श्वास घ्या. मी काय छडी घेऊन बसलोय?" माणूस हसे, त्याचे खांदे सैल पडत, आणि मग ते पुन्हा एकदा मोजत. "हे यंत्र कधी खोटं बोलत नाही," असे ते सगळ्यांना सांगत, तेव्हा मला फार बरे वाटे. पण पुढे बटण दाबले की आपोआप आकडा दाखवणारी यंत्रे आली आणि मी कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर गेले. माझ्यावर धूळ साचली. एक दिवस तिथल्या नर्सने मला पुसून विचारले, "डॉक्टर, हे बाबांसाठी घरी नेऊ का?"

तिचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवत. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांचा तो जोडधंदा होता. अक्षरे बाबांची, चित्रे काकांची. बाबांचा हात जितका स्थिर, तितकाच राग नाकावर. एखादी वेलांटी केसभर कलली, तरी ते लावलेली पाटी खाली उतरवून घेत. एकदा शिंप्याच्या पाटीवर काकांनी काढलेल्या कात्रीचे टोक बाबांच्या अक्षराला लागले. बाबांनी टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि गिऱ्हाइकादेखत अख्खी कात्री पुसून टाकली. काकांनी ब्रश धुतले, डबे उचलले आणि ते निघून गेले. त्या दिवसापासून दोघांत अबोला होता. हे सगळे मी पुढे बाबांच्याच तोंडून ऐकले.

मी त्या घरात गेले, तेव्हा बाबा नुकतेच हृदयविकाराच्या झटक्यातून उठले होते. औषधे, फिरणे, मीठ कमी आणि मनाला ताण नको, असे त्यांना सांगितले होते. त्यातले शेवटचे घराने फारच मनावर घेतले. आईने दारावरच्या घंटीत कापूस कोंबला. वर्तमानपत्र बंद झाले. फोन आला, की लेक तो घेऊन गॅलरीत जाई. येणाऱ्या प्रत्येकाला आई उंबऱ्यातच थांबवी. "आत या, पण यांच्याशी इकडचं तिकडचंच बोला हं."

संध्याकाळी लेक बाबांना खुर्चीत बसवी. घर चिडीचूप होई. मग ती पट्टा बांधे, स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात घाली आणि फुगा दाबून हळूहळू हवा सोडी. आकडा चांगला येई. आईचा जीव भांड्यात पडे. सगळे प्रेमानेच चालले होते, मित्रांनो. पण त्यांच्या दंडावर माझा पट्टा दर महिन्याला थोडा जास्त गुंडाळावा लागत होता. बाबा आता चिडत नव्हते. अळणी भाजी पुढे आली तरी "छान आहे" म्हणत. बसल्या बसल्या बोटाने मांडीवर अक्षरे गिरवत. मी खरेच सांगत होते, पण मला नेमके तेव्हाच विचारले जाई, जेव्हा त्यांना कुणीच काही विचारलेले नसे.

अशातच काकूंचा फोन आला. काकांच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया ठरली होती. "सारखं विचारतायत गं, दादा येईल का म्हणून," काकू म्हणाल्या. लेक गॅलरीत उभी होती. तिने आत बाबांकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "काकू, इतक्यात नको सांगायला. बाबांना झेपायचं नाही." त्या संध्याकाळी पट्टा बांधताना तिची बोटे गार होती.

काही दिवसांनी तोच म्हातारा शिंपी बाबांना भेटायला आला. मी बाबांच्या दंडावरच होते. आईने खुणा करायच्या आत तो बोलून गेला, "धाकट्याचं परवा ऑपरेशन ना? तुम्ही जाऊन आला असालच."

लेकीने नेहमीच्या खुणेच्या बरेच वर पारा नेला, तरी तिला ठोके ऐकू येतच होते. दाब फार चढला होता.

"तुम्हाला माहीत होतं?" बाबांनी विचारले.

आई म्हणाली, "तुमच्या जिवाला जपायचं म्हणून..."

"जपा ना. फळीवर ठेवा मला, वरून फडकं टाका!" बाबांचा आवाज चढला. "त्याची छाती फाडणार, आणि मी इथे बिनमिठाची भाजी छान म्हणत बसू?"

"अहो, बोलू नका. त्रास होईल."

"बोलू दे, आई," लेक म्हणाली.

तिने बाबांना पाणी दिले आणि समोर बसली. बाबा बोलत राहिले. कात्री, टर्पेंटाइन, लहानपणी दोघांनी एका डब्यातून चोरलेला लाल रंग. बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले. शिंपी मान खाली घालून बसला होता. बाबा शांत झाल्यावर लेकीने पुन्हा मोजले. पारा बराच खाली आला होता, रोजच्या आकड्यापर्यंत मात्र नाही. तिने डॉक्टरांना फोन करून बाबांना काकांकडे नेऊ का, असे विचारले. "गाडीने न्या, जिना सावकाश चढवा," ते म्हणाले. तिने मला पिशवीत घातले.

काका त्यांच्या घरी पलंगावर उशीला टेकून बसले होते. बाबा दारात थांबले.

"खालच्या दुकानाची पाटी बघितलीस, दादा?" काकांनीच विचारले.

"बघितली. आंधळ्याने काढलीय का?"

"मशीनने."

"तरीच."

काकांना हसू आले, मग बाबांनाही. बाबा जवळ जाऊन बसले.

"टोक लागत होतं रे तुझ्या अक्षराला," काका म्हणाले. "दिसत होतं मलाही. पण चारचौघांत..."

"नव्हती पुसायची," बाबा म्हणाले.

लेकीने दोघांना बाह्या दुमडायला लावल्या. "माझं कमी आहे, बघ!" काका ओरडले. "धाकटा आहेस. कमीच असणार," बाबा म्हणाले.

काकांची शस्त्रक्रिया पार पडली. पुढे दर रविवारी दोघे भाऊ माझ्यापुढे बाह्या दुमडून बसत आणि तावातावाने भांडत. घंटीतला कापूस निघाला. बाबांना भाजी अळणी लागली, की ते ती अळणी आहे असे सांगत, आणि मग तीच खात. मित्रांनो, माझ्यात काही जादू नाही. गोळ्या चालूच होत्या आणि त्या लागणारच होत्या. बाबांचे हृदय काही वर्षांनी थकलेच. ते गेले, तेव्हा त्यांचा हात काकांच्या हातात होता.

लेकीने बरेच दिवस माझे झाकण उघडले नाही. माझ्या पट्ट्याला बाबांच्या दंडाची गोलाई आली होती. मग एका रविवारी काका आले. खुर्चीत बसले आणि स्वतःच बाही दुमडली. लेकीने मला बाहेर काढले, पण कानात नळ्या घातल्या नाहीत.

"आधी सांगा काका, कसे आहात?"

"बरा आहे."

ती थांबून राहिली.

"भांडायला कुणी नाही गं," काका म्हणाले.

"मी आहे की."

"तू? तुझं अक्षर बघितलंय मी." बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. तिचेही डोळे भरले. दोघे तसेच बसून राहिले आणि मीही टेबलावर उघडे पडून राहिले. मग तिने पट्टा बांधला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल, तर त्याला जपा. नळी फुटू देऊ नका. टाकायची वेळ आलीच तर कचऱ्यात टाकू नका, दवाखान्यात परत द्या. पारा विषारी असतो. गोळ्या चुकवू नका, तपासणी टाळू नका. मला आकडा सांगता येतो. माणसाला "कसा आहेस?" असे मात्र मला विचारता येत नाही. तेवढे तुम्ही करा, पट्टा बांधायच्या आधी. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.