शेख मक्कीचा हिरवा पेला

"सरका, सरका! जिन्न बाहेर पडतोय, अंगावर घ्यायचाय का?" शेख मक्की गरजला आणि नाईलकाठची गर्दी दोन पावलं मागे हटली. दहिबाची पाच वर्षांची सुकैना तापाने फणफणली होती. शेखने तिच्या कपाळावरून पांढरा रुमाल फिरवला आणि करकदेच्या पेल्यात बुडवला. अंबाडीच्या बोंडांचं ते लालभडक सरबत बघता बघता हिरवं झालं. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"लाल होता तो ताप, हिरवा झाला तो जिन्न! आता अस्वानच्या दवाखान्यात कशाला जाताय? तिथे सुया टोचतात, जिन्न थोडेच पकडतात!"

मागच्या वर्षी दहिबाच्या थोरल्याचा, खैरीचा जिन्नही असाच तीनदा पेल्यात उतरला होता. तापाच्या तेराव्या दिवशी पोर गेलं. नऊ वर्षांचं पोर हो! "जिन्न मी काढला, आयुष्य कुठून आणू?" शेख म्हणाला. आपण करायचं ते सगळं केलं, एवढ्याच समाधानावर ती बिचारी वर्षभर जगत होती.

दुसऱ्या दिवशीही सुकैनाचा ताप उतरला नाही. शेजारणी विचारपूस करायला आल्या, म्हणून दहिबाने करकदे उकळलं आणि हाताला लागलं त्या पातेल्यात ओतलं. ते निळसर हिरवं पडलं.

"अगं, बाकल्याच्या उसळीचं पातेलं ते!" सासूबाई खेकसल्या. "दाणे शिजायला सोडा घातला होता. विसळलं नाहीस धड? सोड्याने बिघडतंच करकदे. लिंबू पिळ, होईल लाल."

"आई, तुम्हाला हे माहीत होतं?"

"गावातल्या शेंबड्या पोरीलाही माहीत आहे!"

खरंच की, दहिबालाही माहीत होतं. लग्नाआधीपासून माहीत होतं. पण चुलीपाशी पाहिलेलं शेखच्या समोर कधी आठवलंच नाही.

सुकैनाला कडेवर आणि लिंबू मुठीत घेऊन ती तडक नदीवर गेली. शेखच्या टोपलीतला घडीचा रुमाल उचलला आणि कुणाच्याही अंगाला न लावता पेल्यात टाकला. सरबत हिरवं!

"हा कुणाचा जिन्न, शेखसाहेब? टोपलीचा?"

"मंतरलेला आहे तो रुमाल! ठेव खाली!"

"सोड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलाय." तिने लिंबू पिळलं. सरबत परत लाल झालं. "घ्या, आला जिन्न परत! बोंडांचा रंगच तसा. आंबट पडलं की लाल, सोडा पडला की हिरवा. तापाचा काय संबंध?"

गर्दीत हशा पिकला. शेख मात्र तिच्याकडे रोखून बघत म्हणाला, "मग खैरीलाही तूच माझ्याकडे आणलं होतंस, विसरलीस?"

हसणं थांबलं.

"मीच आणलं होतं," दहिबा म्हणाली. "म्हणून तर बोलतेय."

तिचा नवरा अब्दून काठाला होडी सोडून तयारच होता. पलीकडे अस्वानच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. विषमज्वर होता. "वेळेवर आणलंत, बरी होईल."

"माझ्या मुलालाही असाच ताप होता. तेव्हा आणलं असतं तर?"

"बहुतेक वाचला असता," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. दहिबा तिथेच भिंतीला टेकून धाय मोकलून रडली.

सुकैना बरी झाली. दहिबा आता दारोदार जाऊन सांगते, "ताप आला की अस्वानची पहिली होडी धरा. कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, हे दुसऱ्या कशाने होतं का? मी विचारलं नाही, बायांनो."