मधल्या जातीचा टपोरा

मित्रांनो, मी एक जुना बटाटा आहे. जुना म्हणजे किती, तर मला दाबलंत तर बोट आत जाईल. कृपया दाबू नका.

आमच्यातल्या काही जाती लवकर तयार होतात, त्यांचं कौतुक होतं. काही उशिरा येतात, त्यांची वाट पाहिली जाते. माझी जात मधली. मधल्या मुलाला घरात जो मान असतो, तोच आम्हाला. तरी आमचे गुण सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. अंग लंबगोल, साल फिकट पिवळी. डोळे उथळ, त्यामुळे सोलताना अर्धा बटाटा सालीबरोबर जात नाही. आणि कितीही उकडा, आम्ही फुटत नाही.

आमचा मालक मळेवाला. स्वभावाने चांगला, खाण्यात त्याहून चांगला. दर हंगामात टपोरे बटाटे तो विकायचा, नाहीतर खायचा, आणि सुपारीएवढे उरतील ते बियाण्याला ठेवायचा. पीक बारीक होत गेलं. शेवटी त्याने जाहीर केलं, "या जातीत दम राहिला नाही. दुसरी लावणार."

मी तेव्हा स्वयंपाकघरात, टपोऱ्यांच्या टोपलीत होतो. पातेल्यात पाणी उकळत होतं. माहेरी आलेली त्याची थोरली बहीण सोलायला बसली होती. तिने मला हातात घेऊन फिरवलं.

"का रे, बियाणं कुठलं लावतोस?"

"बारके उरतात ते. टपोरे काय मातीत घालायचे, ताई?"

"वा! हुशार पोरं उकडून खायची आणि उरलेल्यांना म्हणायचं, खानदानातच दम नाही!"

"अगं, पण आज जेवायला काय?"

"पाणी उकळलंय, ते पी. ही टोपली लावून बघ. नाहीच आलं, तर खुशाल दुसरी जात आण."

आम्हाला एक सरी मिळाली. बाकीच्या सऱ्यांत नेहमीचे बारके.

काढणीला ताई मुद्दाम आली. मालकाने माझं झाड उपटलं. मी आतून पोकळ झालो होतो, पण माझ्याभोवती मुठीएवढी पोरं लगडली होती. शेजारच्या सरीत सुपाऱ्या. मालकाने दोन्ही सऱ्यांतले बटाटे शेजारी शेजारी ठेवून निरखले. खाण्याआधी बटाटा निरखायची त्याची ही पहिलीच वेळ. मग टपोरे निवडून त्याने बियाण्याला बाजूला काढले, आणि मला बांधावर भिरकावलं. जात वाचली, म्हाताऱ्याचं काय एवढं!

मित्रांनो, एवढंच मागतो. बटाटे उजेडात ठेवू नका, हिरवे पडतात. आणि घरात चांगलं असेल ते सगळं आजच्याच पातेल्यात घालू नका.

आणि हो, काढणीच्या दिवशी ताईने जेवायला बारके उकडले. एकही फुटला नाही. बारके असले, तरी आमच्याच घरचे.