तराजूची चूक

इंजिन दोनदा खोकलं आणि गाडी बंद पडली, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. उलट जरा तोऱ्यातच म्हणालो, "थांब, रिझर्व्हवर टाकतो." डावा हात टाकीखाली घालून कॉक चाचपला. तो आधीच रिझर्व्हवर होता.

जुन्या मोटारसायकलींना पेट्रोलचा काटा नसतो. टाकीखाली एक छोटी चावी असते, तिला आम्ही कॉक म्हणतो. तो ऑनवर असला की तळातलं थोडं पेट्रोल शिल्लक राहतं. गाडी बंद पडली की कॉक रिझर्व्हवर टाकायचा आणि त्या पेट्रोलवर पंप गाठायचा. पण कॉक आधीपासूनच रिझर्व्हवर राहिला असेल, तर टाकी गुपचूप कोरडी ठणठणीत होते. आमची तशी झाली होती. सकाळचे साडेअकरा, दोन्ही बाजूंना वाळू आणि खुरटी काटेरी झुडपं, फोनला रेंज नाही, पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातली एक अर्धी. पुढचा पंप अठरा किलोमीटरवर.

मागे बसला होता माझा शाळेपासूनचा मित्र, तराजू. एका बिस्किटाचे दोन तुकडे करायचा तर एक कणही इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, म्हणून हे नाव पडलं. पुढे त्याने औषधांचं दुकान काढलं. एकवीस वर्षं काउंटरवर उभा राहिला, चूक म्हणून नाही. दोन महिन्यांपूर्वी त्याने एका आजींना पाच मिलिग्रॅमच्या जागी पन्नासची गोळी दिली. त्यांच्या सुनेने घरी पाकीट वाचलं, तशीच परत आली, कुणाचं काही बिघडलं नाही. तराजूचं मात्र सगळंच बिघडलं. तो काउंटरवर फिरकेना, दुकान वहिनी सांभाळू लागल्या. घरी हा गॅसचं बटण चारचारदा बघायचा, अर्धा जिना उतरून कुलूप ओढून बघायला परत वर जायचा. एका माणसाला ते दुकान हवं होतं आणि सोमवारी त्याला हो की नाही ते कळवायचं होतं.

"शनिवार-रविवार माझ्या ताब्यात द्या," मी वहिनींना म्हटलं होतं, "ताळ्यावर आणतो त्याला." दोन महिने मी त्याला हेच सांगत आलो होतो, की तुझी चूक नव्हतीच, पाकिटं सारखी दिसतात, गर्दी होती, उजेड कमी होता. त्यातलं निम्मं मी पदरचं घालत होतो. पण कालचा दिवस खरोखरच छान गेला. वाळूचे उंच डोंगर बघून तो पोरासारखा ओरडला. संध्याकाळी पेट्रोल संपत आलं म्हणून मी गाडी रिझर्व्हवर टाकून पंपावर आणली. मी तोंड धुवायला गेलो आणि पाच लिटर पेट्रोल त्याने स्वतःहून भरून घेतलं. दोन महिन्यांत त्याने आपण होऊन केलेलं ते पहिलं काम.

"काल भरल्यावर कॉक ऑनवर केलास ना?" मी विचारलं.

"केला," तो म्हणाला. मग थांबला. "केला असं वाटतं."

"वाटतं? वाटतं म्हणजे काय?" माझं डोकं फिरलं. "जो भरेल तो कॉक बघेल, वीस वर्षांचा नियम आहे आपला! एवढं साधं काम होत नाही तुझ्याच्यानं?"

शब्द तोंडातून सुटले आणि आपण काय बोललो ते मला त्याच क्षणी कळलं. पण माझा राग असा आहे की कळलं तरी थांबत नाही; शाळेपासून मला भडकू म्हणतात ते उगाच नाही. "ऐन वाळवंटात आणून बसवलंस," असंही वर म्हणालो.

तराजूचा चेहरा एकदम मिटला. वाद घातला असता तर बरं झालं असतं. त्याने हेल्मेट काढून सीटवर ठेवलं, भरलेली बाटली त्याच्याशेजारी ठेवली आणि अर्धी स्वतः घेतली. "माझी चूक आहे, मी निस्तरतो," एवढंच म्हणून तो पंपाच्या दिशेने चालू लागला.

मी पाठ फिरवली. जाईल शंभर पावलं आणि येईल परत, म्हटलं. गाडीची जेमतेम हातभर सावली होती, तिच्यात बसलो आणि त्याला मनातल्या मनात आणखी चार शिव्या घातल्या. अर्धा तास गेला. तो आला नाही. सहज चाळा म्हणून मी कॉक बंद केला, परत उघडला. हात आपोआप वर गेला. बघतो तर रिझर्व्ह.

गाडी मेव्हण्याची होती. माझी स्वतःची गाडी मी एकोणीस वर्षं चालवली. तिचा कॉक गळायचा, म्हणून रोज रात्री तो बंद करायचा आणि सकाळी वर फिरवून ऑन करायचा. ह्या गाडीचं ऑन खाली होतं आणि रिझर्व्ह वर. काल रात्री तराजू झोपल्यावर मी सवयीने कॉक बंद केला होता आणि आज पहाटे सवयीनेच वर फिरवला होता. तराजूने पेट्रोल भरल्यावर काय केलं होतं, त्याने काही फरकच पडत नव्हता. चूक माझी होती, शंभर टक्के माझी.

बाटली उचलली आणि धावत सुटलो. बावन्न वर्षांचा माणूस त्या उन्हात किती धावणार? धावायचो, चालायचो, हाका मारायचो. रस्त्यावर कुणी नव्हतं. तो कुठे कोसळून पडला असेल तर मी वहिनींसमोर कसा उभा राहणार होतो?

तीनेक किलोमीटरवर तो दिसला, आणि जीव भांड्यात पडायच्या ऐवजी मी जागच्या जागी थिजलो. तराजू माझ्या दिशेने येत होता. किलोमीटरच्या दगडापाशी पोचला, वाकला, आकड्यावरून बोट फिरवलं, वळला आणि पुन्हा पंपाकडे निघाला. वीसेक पावलं गेला, थांबला आणि परत दगडाकडे आला.

"काय करतोयस?" मी त्याचा दंड धरला. कातडी तापलेली होती आणि घामाचा थेंब नव्हता.

"पंधरा वाचलं की सोळा, ते नक्की करतोय," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "पुढे गेलो की खात्री वाटत नाही रे."

मी त्याला खाली बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं, थोडं थोडं पाजलं आणि सगळं सांगितलं. जुनी गाडी, तिचं वरचं ऑन, पहाटेचा माझा हात. बोलताना मला रडू येत होतं.

तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "रात्री तू कॉक बंद केलास ते मी पाहिलं?"

"तू झोपला होतास."

"मग झालं तर." तो हसला. इतकं मायेने हसला की मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. "भडकू, पुरे आता. पाकिटं सारखी दिसतात, उजेड कमी होता, आणि आता हे."

"अरे, आईशप्पथ! खरं सांगतोय!"

"ते पण तू खरंच सांगत होतास ना?"



पाण्याचा एक टँकर आला म्हणून आम्ही वाचलो. ड्रायव्हरने तराजूला ओल्या फडक्यात गुंडाळून केबिनमध्ये बसवलं. सगळा रस्ता मी त्या ड्रायव्हरलाही कॉकची गोष्ट सांगत होतो आणि तो बिचारा मान डोलवत होता. पंप दिसू लागला तशी फोनला रेंज आली. तराजूने घरी फोन लावला.

"मी ठीक आहे. पेट्रोल संपलं होतं, चूक माझीच. कॉक बघायचा राहिला." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "नाही, नको सोमवारपर्यंत थांबायला. आजच कळव त्यांना, दुकान देतोय म्हणून."

मी फोन त्याच्या हातातून ओढून घेतला. "वहिनी, कुणाला काही कळवू नका! त्याची काही चूक नाही, कॉक मीच उलटा फिरवला. देवाशपथ सांगतो, मीच!"



"कळलं, भावजी," पलीकडून वहिनी हळूच म्हणाल्या. "तुम्ही फार जपता हो यांना."